आईवडिलांचं लग्न चर्चमध्ये झालेलं नसेल तर बाळाचा स्नानसंस्कार : पहिल्या भेटीपासून दाखल्यापर्यंत

बाळाला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) मिळायला आईवडिलांचं लग्न चर्चमध्ये झालेलं असलंच पाहिजे, अशी अट कॅथॉलिक चर्चच्या कायद्यात नाही. या कायद्याचं, म्हणजे कॅनन लॉचं, कलम 868 दोनच गोष्टी मागतं. एक, आई किंवा वडील यांपैकी निदान एकाची संमती, किंवा त्यांच्या जागी कायद्यानं असलेल्या पालकाची. दोन, हे मूल कॅथॉलिक श्रद्धेत वाढेल अशी सकारण आशा. ही आशा अजिबातच दिसत नसेल तर संस्कार पुढे ढकलायचा, आणि तोही आईवडिलांना कारण समजावून सांगून.

तरीही कोर्ट मॅरेज केलेली जोडपी, घटस्फोटानंतर दुसरा संसार मांडलेले, एकट्यानं मूल वाढवणाऱ्या आया, हिंदू किंवा बौद्ध जोडीदाराच्या घरी नांदणाऱ्या मुली वर्षानुवर्षं पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, ऑफिसची पायरी चढत नाहीत. कुणीतरी सांगितलेलं असतं, 'आधी लग्न चर्चमध्ये लावून घ्या, मग बाळाचं बघू.' हे सांगणारा कधी शेजारी असतो, कधी नातेवाईक, क्वचित ऑफिसात बसलेला माणूसही. पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या आपल्या प्रबोधनपत्रात संस्कारांचे दरवाजे वाटेल त्या कारणावरून बंद करू नका, विशेषतः स्नानसंस्काराचा, असं स्पष्ट लिहिलं. जानेवारी 2014 मध्ये व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये त्यांनी 32 बाळांना स्नानसंस्कार दिला, त्यात फक्त नोंदणी विवाह केलेल्या एका जोडप्याचं बाळही होतं.

तेव्हा ऑफिसात जाताना तयारी करायची ती एकाच प्रश्नाची: या मुलाला श्रद्धेत कोण वाढवणार आणि कसं? बाकी सगळं या प्रश्नाच्या मागून येतं.

आधी आपली परिस्थिती नेमकी ओळखा

पुष्कळ जण स्वतःला उगाच 'अनियमित', म्हणजे चर्चच्या नियमात न बसणाऱ्या नात्यातले, समजतात. जोडीदार हिंदू आहे पण बिशपांची परवानगी घेऊन लग्न चर्चमध्ये लागलं, तर ते लग्न चर्चच्या दृष्टीनं पूर्ण वैध आहे. त्या वेळी कॅथॉलिक जोडीदारानं मुलांना कॅथॉलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करीन असं वचन दिलेलं असतं. ते आठवा आणि सरळ स्नानसंस्काराची तारीख मागा. तसंच, घटस्फोट झाला पण दुसरं लग्न केलं नाही, अशी व्यक्ती कुठल्याही अनियमित स्थितीत नसते. ती ख्रिस्तप्रसादही (कम्युनियन) घेऊ शकते.

खरी अनियमित परिस्थिती चार-पाच प्रकारची. दोघंही कॅथॉलिक, पण लग्न फक्त स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली रजिस्ट्रारसमोर झालं. एक जण कॅथॉलिक, लग्न वैदिक किंवा बौद्ध पद्धतीनं, बिशपांची सूट न घेता. पहिलं चर्चमधलं लग्न कायम असताना कोर्टातून घटस्फोट घेऊन दुसरं लग्न. लग्न न करता एकत्र राहणं. आणि अविवाहित आई. गोव्यात नोंदणी कार्यालयातली सही आणि चर्चमधलं लग्न या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. सही झाली आणि चर्चमधलं लग्न राहून गेलं, तर सरकारदरबारी काहीही असो, चर्चच्या लेखी लग्न व्हायचंच आहे.

यातली कुठलीही परिस्थिती बाळाच्या आड येत नाही. फरक पडतो तो कागदांत, नोंदवहीत आणि फादर तुमच्याशी पुढे काय बोलतील त्यात.

कधी जायचं, कुठे जायचं

कायदा म्हणतो, जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत संस्कार व्हावा, आणि त्यासाठी आईवडिलांनी जन्मानंतर लगेच, किंबहुना जन्माआधीच, प्रमुख धर्मगुरूंना भेटावं. अनियमित परिस्थितीत तर जन्माआधीच जाणं शहाणपणाचं. सातव्या-आठव्या महिन्यात गेलात तर तयारीचे वर्ग आधीच उरकतात, आणि एखादा कागद दुसऱ्या पॅरिशमधून मागवायचा असेल तर सवड मिळते.

पॅरिश म्हणजे तुम्ही आज राहता ती. माहेर नंदाखालचं, सासर गिरीजचं आणि भाड्यानं राहता मीरा रोडला, तर पहिली भेट मीरा रोडच्या पॅरिशमध्ये. संस्कार गावच्या चर्चमध्ये हवा असेल तर राहत्या पॅरिशच्या फादरांचं परवानगीपत्र घेऊन गावी जा. इथेच गाडी अडकते: राहत्या पॅरिशमध्ये कधी नावच नोंदवलेलं नसतं. मग फादर तुम्हाला ओळखत नाहीत आणि पत्र द्यायला कचरतात. म्हणून आजच पॅरिशमध्ये कुटुंबाची नोंद करा, आपला झोन किंवा लहान ख्रिस्ती समूह कुठला ते विचारा, त्याच्या प्रमुखाला भेटा. चार रविवार मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) दिसलात की पुढचं बोलणं निम्मं सोपं होतं.

मूल सात वर्षांचं झालं असेल तर प्रकरण बदलतं. त्या वयापासून चर्च मुलाला समज आलेली आहे असं धरतं. त्याची स्वतःची इच्छा आणि धर्मशिक्षण आवश्यक होतं, आणि तयारीला बराच काळ लागतो. 'लग्नाचं निस्तरलं की करू' म्हणत थांबलेली घरं बहुतेक इथवर येऊन पोचतात.

पहिली भेट

ऑफिसच्या खिडकीवर सगळी कहाणी सांगत बसू नका. 'बाळाच्या स्नानसंस्काराबद्दल फादरांशी स्वतंत्र बोलायचं आहे' एवढं सांगून वेळ घ्या. रविवारी मिस्सानंतरच्या गर्दीत हा विषय काढू नये. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी अर्धा तास मिळाला तर नीट बोलणं होतं. शक्यतो दोघंही जा. जोडीदार यायला तयार नसेल तर कॅथॉलिक पालकानं एकट्यानं जावं; एकाची संमती पुरते.

बसल्याबरोबर परिस्थिती एका दमात, खरी सांगा: 'फादर, आमचं लग्न 2021 ला कोर्टात झालं, चर्चमध्ये झालेलं नाही. माझे मिस्टर हिंदू आहेत. बाळ दोन महिन्यांचं आहे. त्याला स्नानसंस्कार द्यायचा आहे आणि कॅथॉलिक म्हणून वाढवायचं आहे.' सारवासारव नको. लग्न चर्चमध्ये झालंय असं भासवायला गेलात तर फादर पुढचा प्रश्न 'कुठल्या चर्चमध्ये, कधी?' असाच विचारतील, आणि एकदा खोटं उघडं पडलं की तुमच्या खऱ्या इच्छेवरचाही विश्वास उडतो.

मग ते खरा प्रश्न विचारतील. तिथे 'हो फादर, वाढवू ना' हे उत्तर पुरेसं नाही. सकारण आशा म्हणजे बोट दाखवता येईल अशा गोष्टी. रात्री झोपताना बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण कोण करणार? रविवारी मिस्साला त्याला कोण घेऊन येणार, आईची शिफ्ट असेल त्या रविवारी कोण? शाळेत जाऊ लागल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गाला कुठल्या पॅरिशमध्ये घालणार? घरात येशूची तसबीर आणि प्रार्थनेची जागा आहे का? आईवडील स्वतः कमी पडत असतील तर घरातलं दुसरं कोण ही जबाबदारी घेतंय? व्हॅटिकनच्या 1980 च्या बालस्नानसंस्काराविषयीच्या सूचनेनुसार जवळच्या नातेवाइकानं किंवा धर्ममातापित्यांनी (गॉडपेरेंट्स) दिलेली हमीसुद्धा ग्राह्य धरता येते. म्हणजे आजी रोज रोझरी म्हणणारी असेल आणि बाळ दिवसभर तिच्याकडेच राहणार असेल, तर आजीला सोबत न्या. तिचं बसणं आणि बोलणं दहा आश्वासनांच्या बरोबरीचं ठरतं.

जे पाळता येणार नाही ते कबूल करू नका. 'दर रविवारी तिघंही येऊ' म्हणण्यापेक्षा 'महिन्यातून दोनदा मी आणेन, बाकी दोनदा माझी बहीण आणेल' हे फादरांना जास्त खरं वाटतं, कारण ते होण्यासारखं असतं.

दोन कारणं मात्र ऐकताक्षणी शंका निर्माण करतात. 'आईच्या समाधानासाठी' आणि 'कॉन्व्हेंटच्या अ‍ॅडमिशनसाठी'. यांतलं एखादं कारण खरोखरच तुमचं असेल तर आधी घरी नवरा-बायकोनं बसून विचार करा. संस्कार दाखल्यासाठी नसतो, आणि फादर थांबा म्हणाले तर तो अन्याय म्हणता येणार नाही.

आजीनं आईवडिलांच्या नकळत बाळाला चर्चमध्ये नेऊन स्नानसंस्कार करवणं चालत नाही. दोन्ही पालकांचा नकार असताना, मृत्यूचा धोका सोडला तर, संस्कार कायद्याला धरून होत नाही. आजीची तळमळ कितीही खरी असली तरी तिनं मुलाशी किंवा मुलीशीच बोलायला हवं.

कागद

बाळाचा जन्मदाखला मूळ आणि झेरॉक्स. जन्माची नोंद 21 दिवसांत होते, पण दाखल्यात बाळाचं नाव घालायचं बऱ्याचदा राहून जातं. ते आधी घाला आणि चर्चच्या फॉर्मवर तेच स्पेलिंग लिहा. कॅथॉलिक पालकाचा स्नानसंस्काराचा दाखला. लग्न कुठल्याही पद्धतीनं झालेलं असो, त्याचा नोंदणी दाखला. धर्ममातापित्यांचे दृढीकरणाचे (कन्फर्मेशन) दाखले किंवा त्यांच्या पॅरिश प्रमुखांचं पत्र. पालक विभक्त असतील आणि ताब्याबद्दल कोर्टाचा आदेश असेल तर त्याची प्रत. दत्तक मूल असेल तर दत्तक आदेश. सप्टेंबर 2022 पासून तो जिल्हाधिकारी देतात, त्याआधीचा कोर्टाचा असेल. धर्मप्रांतागणिक (एका बिशपांच्या अखत्यारीतला भाग म्हणजे धर्मप्रांत) एखादा कागद कमीजास्त होईल, म्हणून पहिल्याच भेटीत यादी लिहून घ्या.

देणगीचा प्रश्न लोक विचारायला संकोचतात. धर्मप्रांतानं ठरवलेल्या रकमेपलीकडे मागायचं नसतं, आणि पैसे नाहीत म्हणून संस्कार अडवता येत नाही.

धर्ममाता आणि धर्मपिता : सगळ्यात जास्त चुका इथेच

आपल्याकडे ही निवड मान म्हणून होते. मोठ्या काकांना राग येईल म्हणून काका, दुबईहून चांगली भेट येईल म्हणून आत्या. नियमित घरात हे एकवेळ खपून जातं. तुमच्या बाबतीत मात्र बाळाच्या श्रद्धेची हमी निम्मी याच माणसांवर उभी आहे, तेव्हा निवड नीट करा. आमच्या मते जवळ राहणारी, मिस्साला जाणारी मावशी ही परदेशातल्या श्रीमंत काकांपेक्षा केव्हाही चांगली.

नियम असे. वय सोळा पूर्ण (बिशपांनी वेगळं ठरवलं नसेल तर). कॅथॉलिक, दृढीकरण झालेली, ख्रिस्तप्रसाद घेतलेली, आणि श्रद्धेला धरून जगणारी व्यक्ती. बाळाची आई किंवा वडील स्वतः नाहीत. एक पुरुष, किंवा एक स्त्री, किंवा दोघं एकेक. दोन मावश्या किंवा दोन मामा चालत नाहीत. एकच असला तरी पुरतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि जोडी जुळवण्याच्या नादात अपात्र माणूस घेतला जातो.

ज्यांचं स्वतःचं लग्न चर्चमध्ये झालेलं नाही त्यांना सहसा या भूमिकेत घेत नाहीत. अनियमित परिस्थितीतल्या जोडप्याचे जवळचे मित्र बहुधा त्याच परिस्थितीतले असतात, म्हणून ही अडचण वारंवार येते. मित्राला शब्द देण्याआधी फादरांना विचारा. शब्द दिल्यावर मागे घेणं दोघांनाही लागतं. प्रॉटेस्टंट मैत्रीण कॅथॉलिक धर्मपित्यासोबत ख्रिस्ती साक्षीदार म्हणून उभी राहू शकते, एकटी नाही. हिंदू किंवा मुस्लिम मित्राला ही भूमिका देता येत नाही. धर्मपिता आखातात असेल आणि येणं शक्य नसेल तर त्याच्या वतीनं प्रतिनिधी उभा करण्याची सोय असते. त्यासाठी ऑफिसला आगाऊ कळवा, म्हणजे नोंदवहीत खऱ्या धर्मपित्याचं नाव जाईल.

तयारीच्या वर्गाला धर्ममातापित्यांनीही यायचं असतं. शनिवारी संध्याकाळी वर्ग आणि रविवारी संस्कार अशी घाई केली तर बाहेरगावचा धर्मपिता हमखास चुकतो.

नोंदवहीत काय लिहिलं जाईल

स्नानसंस्काराची नोंदवही उघडलीत तर प्रत्येक ओळीत बाळाचं नाव, जन्मतारीख व जन्मठिकाण, संस्काराची तारीख व ठिकाण, आईवडिलांची नावं, धर्ममातापित्यांची नावं, संस्कार देणाऱ्याची सही, आणि शेवटी एक रुंद समास दिसेल. तो समास मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. पुढे दृढीकरण झालं, लग्न झालं, की त्याची नोंद तिथेच येते. म्हणून ही ओळ आयुष्यभर बाळाच्या मागे असते, आणि म्हणून ती खरी असावी लागते.

विवाहित जोडप्याच्या बाबतीत, लग्न कोर्टातलं असलं तरी, जन्मदाखल्यावर दोघांची नावं असतात आणि तीच नोंदवहीत येतात. अविवाहित आईसाठी कलम 877 मध्ये वेगळी तरतूद आहे. मातृत्व उघड सिद्ध असेल, किंवा आईनं स्वतःहून लेखी अथवा दोन साक्षीदारांसमोर मागणी केली, तर तिचं नाव लिहिलंच पाहिजे. वडिलांचं नाव लिहायचं ते दोनच आधारांवर: पितृत्व दाखवणारा सरकारी दस्तऐवज, किंवा वडिलांनी स्वतः प्रमुख धर्मगुरूंसमोर आणि दोन साक्षीदारांसमोर केलेलं कथन. यापैकी काहीच नसेल तर तो रकाना रिकामा राहतो. बाळाच्या नावापुढे 'अनौरस' असा शेरा मारण्याची तरतूद या कलमात नाही. कुणी तसा लिहायला लागलं तर तिथल्या तिथे आदरानं हरकत घ्या.

लाजेपोटी भावाचं किंवा दुसऱ्या कुणाचं नाव वडील म्हणून देण्याचा मोह होतो. देऊ नका. पंचवीस वर्षांनी मुलाच्या लग्नाच्या वेळी ताजा स्नानसंस्कार दाखला मागितला जातो, सहसा सहा महिन्यांच्या आत काढलेला, आणि तेव्हा जन्मदाखला एक नाव सांगतो, चर्चचा दाखला दुसरं. नुकसान मुलाचं होतं. रिकामा रकाना कुणाचं काही बिघडवत नाही.

सरकारी बाजूनंही वडिलांच्या नावाशिवाय अडत नाही. जुलै 2015 मध्ये सुप्रीम कोर्टानं एबीसी विरुद्ध दिल्ली सरकार या खटल्यात, एका अविवाहित ख्रिस्ती आईच्याच अर्जावर, निकाल दिला की अशा आईनं प्रतिज्ञापत्र दिलं की तिच्या मुलाचा जन्मदाखला मिळाला पाहिजे आणि वडिलांचं नाव सांगण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. हा दाखला आधी काढा, मग चर्चच्या फॉर्मवर तसंच लिहा.

दत्तक मुलाच्या नोंदीत दत्तक आईवडिलांची नावं येतात.

जोडीदार ख्रिस्ती नसेल तर

त्याची लेखी परवानगी हवीच असं नाही, पण त्याला अंधारात ठेवून केलेला संस्कार घरात कायमची जखम करतो, आणि मूल श्रद्धेत वाढण्याची आशाही त्याबरोबर जाते. बोलून घ्या. स्नानसंस्कारानं मूल वडिलांच्या घरापासून तुटत नाही, आजी-आजोबांचं गणपतीचं घर त्याला बंद होत नाही. मात्र त्याची श्रद्धा कॅथॉलिक असेल, पूजेला बसवायचं की नाही यावर आजच एकमत हवं.

वडील अनुसूचित जातीतले असतील तर आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्या, कारण ती चर्चमध्ये कुणी सांगत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं पुद्दुचेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. तिच्या लहानपणीच्या बाप्तिस्म्याची चर्चमधली नोंद त्या प्रकरणात पुरावा म्हणून पुढे आली होती. पालघर, डहाणू, तलासरीच्या आदिवासी घरांना ही अडचण नाही, अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर ठरत नाही. ही माहिती बाळाला संस्कारापासून लांब ठेवण्यासाठी नाही. पण वीस वर्षांनी मुलानं 'मला विचारात घेतलं होतंत का' असं म्हणू नये, इतका विचार दोघांनी आज करायला हवा.

विधीच्या वेळी ख्रिस्ती नसलेला पालक बाळाला हातात घेऊन उभा राहू शकतो. पापाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली या प्रश्नांना त्यानं उत्तर द्यायची गरज नाही. तेवढं कॅथॉलिक पालक आणि धर्ममातापित्यांनी बोलायचं. त्याला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी तो अवघडणार नाही.

लग्नाचा विषय निघेलच

फादर विचारतील, आणि विचारायलाच हवं. हा विषय संस्काराची अट नसतो, हे मनात पक्कं ठेवून मोकळेपणानं ऐका; कारण बऱ्याच वेळा मार्ग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जवळचा असतो.

दोघंही कॅथॉलिक, आधीचं कुठलं लग्न आड नाही, फक्त कोर्टात लग्न झालं: तर चर्चमध्ये फादर आणि दोन साक्षीदारांसमोर संमती नव्यानं द्यायची. हॉल, बँड, पांढरा गाऊन यांतलं काहीच लागत नाही. काही जोडपी ते बाळाच्या संस्काराच्या आधी किंवा त्याच दिवशी शांतपणे उरकतात. जोडीदार ख्रिस्ती नसेल तर बिशपांची सूट लागते.

जोडीदार म्हणतो, 'माझं लग्न झालंय, मी पुन्हा उभा राहणार नाही': तर लग्न मुळापासून वैध ठरवण्याचा अधिकार बिशपांना आहे. दोघांची एकत्र राहण्याची संमती टिकून असली की पुरे, नव्यानं विधी लागत नाही. हा मार्ग फार थोड्यांना माहीत असतो. फादरांनी स्वतःहून काढला नाही तर तुम्ही विचारा.

पहिलं चर्चमधलं लग्न आड येत असेल: तर धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयात पहिलं लग्न मुळातच अवैध होतं का, याची चौकशी मागता येते. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सुटसुटीत केली आणि उघड प्रकरणांसाठी लहान प्रक्रिया आणली. लक्षात ठेवा, कोर्टाचा घटस्फोट चर्चमधलं बंधन सोडवत नाही आणि चर्चचा निकाल सरकारी लग्न संपवत नाही. दुसरी बाजू सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये पुन्हा स्पष्ट केली. दोन्ही कागद वेगवेगळे लागतात. या कामाला काळ लागतो, बाळाला तोवर थांबवू नका.

आणि काही लग्नं सुधारता येतच नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 मध्ये घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेल्यांना उद्देशून लिहिताना मुलांना ख्रिस्ती श्रद्धेत वाढवण्याचं उत्तेजन त्यांना द्यावं असं सांगितलं. म्हणजे हे काम चर्चनंच त्यांच्यावर सोपवलेलं आहे. असा पालक स्वतः ख्रिस्तप्रसाद घेत नसला तरी बाळाला मिस्साला नेतो, प्रार्थना शिकवतो, हीच ती सकारण आशा.

'थांबा' असं उत्तर आलं तर

लांबणीवर टाकणं आणि नाकारणं वेगळं. फादर थांबा म्हणाले तर तीन गोष्टी विचारा: नेमकं कारण काय, त्यासाठी आम्ही काय करायचं, आणि पुन्हा कधी भेटायचं. 'दोन महिने मिस्साला या, वर्ग पूर्ण करा, दुसरा धर्मपिता शोधा' असं उत्तर मिळालं तर ते रास्त आहे, करून टाका. 'आधी चर्चमध्ये लग्न, नाहीतर नाही' एवढंच उत्तर असेल तर कलम 868 चा उल्लेख करून नम्रपणे विचारा की आशा कुठे कमी दिसते. तरीही अडलं तर आसपासच्या पॅरिशांवर देखरेख करणाऱ्या धर्मगुरूंना, म्हणजे डीनना, किंवा बिशप हाऊसला पत्र लिहा. पत्रात तक्रारीचा सूर नको, आपली परिस्थिती आणि आपली योजना लिहा. शेजारच्या पॅरिशमध्ये जाऊन पत्ता लपवून संस्कार उरकणं हा मार्ग घेऊ नका. परवानगीपत्राच्या टप्प्यावर ते उघड होतंच, आणि ज्या पॅरिशमध्ये मुलाला धर्मशिक्षण घ्यायचं आहे तिथेच दुरावा येतो.

संस्काराच्या दिवशी

पांढरा सदरा किंवा शाल, एक मेणबत्ती आणि एक मऊ टॉवेल घरून न्या. बाळाला समोरून उघडणारा अंगरखा घाला, कारण पाण्याआधी छातीवर तेल लावलं जातं, आणि गळाबंद फ्रॉक त्या वेळी काढता काढता बाळ रडून बेजार होतं. बाळाला विधीच्या तासभर आधी दूध पाजा.

विधी दारात सुरू होतो: नाव काय ठेवलं, चर्चकडे काय मागता. मग कपाळावर क्रूस, वाचन, तेलाचा अभ्यंग, पापाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली, मग जलकुंडापाशी तीनदा पाणी. नंतर डोक्यावर क्रिझम हे पवित्र तेल, पांढरं वस्त्र आणि पास्काच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून पेटवलेली बाळाची मेणबत्ती. तुमच्या बाळाचा विधी इतरांपेक्षा वेगळा किंवा मागच्या दारानं होण्याचं काही कारण नाही. रविवारी चार बाळांचा सामूहिक संस्कार असेल तर त्यातच उभे राहा. तुम्हाला स्वतःला एकांत हवा असेल तर तसं मागा. ती निवड तुमची असावी.

बाळ अतिदक्षता विभागात असेल तर

वरचं सगळं बाजूला. मृत्यूचा धोका असेल तर लग्न, वर्ग, कागद कशाचीही वाट पाहायची नाही. फादर पोचत नसतील तर कुणीही स्नानसंस्कार देऊ शकतं. आई, बाबा, आजी, नर्स, नर्स ख्रिस्ती नसली तरी. चर्च जे करतं ते करण्याचा हेतू असला की झालं. साधं पाणी बाळाच्या डोक्यावर वाहील असं ओतायचं, नळ्या असतील तर ड्रॉपरनं किंवा सिरिंजनं काही थेंब वाहतील इतकं, आणि ओतताना बोलायचं: 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.' शब्द 'मी' असाच. 'आम्ही देतो' असं म्हटलं तर संस्कार होत नाही, असं व्हॅटिकननं 2020 मध्ये स्पष्ट केलं. वेळ, जागा आणि जवळ उभं असलेल्याचं नाव लिहून ठेवा, आणि त्या भागातल्या पॅरिशला कळवा. बाळ बरं होऊन घरी आलं की उरलेला विधी चर्चमध्ये होतो, पाणी पुन्हा घालत नाहीत.

दाखला

ऑफिस सोडण्यापूर्वी दाखला तिथेच उभं राहून वाचा. बाळाच्या नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आईचं नाव जन्मदाखल्यावर आहे तसंच की माहेरचं लिहिलंय, धर्ममातापित्यांची नावं. चूक असेल तर त्याच दिवशी सांगितली की पटकन दुरुस्त होते. वर्षांनंतर तीच दुरुस्ती करायला पुरावे आणि धर्मप्रांताची मंजुरी लागू शकते. नोंदवहीतला खंड, पान आणि अनुक्रमांक मोबाईलमध्ये टिपून ठेवा. प्रथम ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, लग्न, प्रत्येक वेळी हा दाखला याच चर्चमधून मागवावा लागेल, आणि तोवर तुमचं घर बदललेलं असेल, फादरही बदललेले असतील.